मुका झाला, मेला नाही

परवा एका कार्यालयात दाखल्यासाठी दीड तास बाकावर बसून होतो. टेबलाटेबलावर नवे संगणक, नवे नेटवर्क. पण जुना लेझर प्रिंटर कोपऱ्यातल्या एकाच जुन्या संगणकाला जोडलेला. कारकून पेन ड्राइव्ह घेऊन येरझारा घालीत होते. अखेर दाखला निघाला. अक्षर इतके स्वच्छ, की नाव ठेवायला जागा नाही. तो माझ्या हाती देताना ते म्हणाले, "आता हा भंगारात जायचा. नेटवर्कला लागत नाही ना!"

माझा आक्षेप या 'लागत नाही'ला आहे.

सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० च्या सुमारास आणलेला समांतर पोर्ट पुढे कित्येक वर्षे प्रिंटरची नेहमीची वाट होता. प्रिंटरकडे ३६ टोकांची आणि संगणकाकडे २५ पिनांची अशी ती जाड केबल. आजच्या बहुतेक संगणकांना ती लावायला जागाच नाही. पण दोघांच्या मध्ये प्रिंट सर्व्हर नावाची लहानशी डबी बसवता येते. तिच्या एका अंगाला नेटवर्कची तार, दुसऱ्या अंगाला प्रिंटर. डबीला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळतो. संगणक त्या पत्त्यावर, बहुधा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, मजकूर धाडतो आणि डबी तो प्रिंटरला पोचवते. यूएसबीच्या प्रिंटरसाठीही अशा डब्या असतात.

खरी अडचण तारेची नसून भाषेची आहे. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर बहुधा सर्वसाधारण ड्रायव्हरवरही चालतो. काही स्वस्त प्रिंटरांच्या पानाची सारी जुळणी मात्र संगणकावरचा खास ड्रायव्हर करतो. तो फक्त ३२ बिटांचा असेल, तर ६४ बिटांची विंडोज त्याला उंबरठ्याच्या आत घेत नाही. प्रिंटर धडधाकट असतो. गेलेला असतो तो दुभाषा. लिनक्सवर चालणारी, १९९९ साली आलेली कप्स ही मुक्त प्रणाली अशा अनेक प्रिंटरांना पुन्हा बोलते करते. पण सगळ्यांना नाही, कारण काहींची भाषा कंपन्यांनी कुलुपात ठेवली आहे.

हे दुखणे जुनेच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या प्रिंटरची प्रणाली सुधारायची होती. तिचा सोर्स कोड त्यांना मिळाला नाही. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हाही अनुभव होता. माझे म्हणणे सरळ आहे : ज्या कंपनीला जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर पुढे चालवायचा नाही, तिने निदान त्याची भाषा तरी खुली करावी.

जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. ड्रम, फ्यूजर झिजले, टोनर मिळेनासा झाला, की निरोप द्यावाच. शिवाय ९१०० चा पोर्ट बहुधा पासवर्ड विचारीत नाही. तेव्हा डबी कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कमध्येच ठेवावी, इंटरनेटला उघडी नको.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इथले फॉर्म, इथले शब्द कळेपर्यंत मलाही कुणीतरी समजावून सांगणारे लागलेच. म्हणून सुचवतो : कुठलाही प्रिंटर भंगाराच्या यादीत लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. तो छापतो का? आणि त्याला दुभाषा मिळेल का? दोन्हींचे उत्तर 'हो' आले, तर यादीतून त्याचे नाव खोडावे.