आधी विहीर, मग खोली

कापडाच्या धंद्यात चार पैसे सुटले की शेत घ्यावे असे आपल्या व्यापारी बांधवांना वाटते. वाटावेच. पण १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बयाणा देण्याआधी हे पाहा. माझे वडिलांच्या सातबाऱ्यामुळे निभावले.

मालेगाव तालुक्यात अडीच एकर घेतले आणि आधी खोली बांधली. सातबाऱ्यावर विहीर होती, मे महिन्यात तिच्यात पाणी नव्हते. डाळिंबाची सारी रोपे गेली. ताग्याचा पन्हा दोनदा मोजणारा मी, विहीर न पाहताच घेतली! आता पावसाळी कडवळ आणि दहा शेळ्या, एवढ्यावर रखवालदाराचा पगार निघतो. डाळिंब विहीर खोल करून ठिबक बसल्यावरच.