परवान्याचा धनी कोण?

संगमनेर, लोणी, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून अमेरिकेस गेलेल्या तरुणांची घरे आज अहिल्यानगर जिल्ह्यात जागोजागी आढळतात. मुलाचा पगार वडीलधाऱ्यांना ठाऊक असतो. परंतु ज्या परवान्यावर तो उभा आहे, तो परवाना मुलाने नव्हे तर त्याच्या मालकाने मागितलेला असतो, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

एच-१बी परवान्याची घडणच तशी आहे. प्रचलित दराहून कमी वेतन देणार नाही, अशी हमी प्रथम मालकाने तेथील मजूर खात्यास द्यावयाची. मग अर्जही त्यानेच करावयाचा. वर्षाच्या मर्यादित जागा ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. मुदत प्रथम तीन वर्षांपर्यंत, सामान्यतः एकूण सहा. नोकरी सुटली तर नवा धनी शोधण्यास जास्तीत जास्त ६० दिवस. कायम वास्तव्याची मागणीही बहुधा मालकाच्याच हातची. अशा स्थितीत वेतनवाढ मागताना मनुष्य दहादा विचार करील, यात नवल ते काय?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा भार घातला. रक्कम मालकाने भरावयाची हे खरे. पण एवढ्या खर्चाला भिऊन त्याने हात आखडता घेतला, तर दार बंद होते ते उमेदवाराचे.

सर्व मालक दुष्ट आहेत, असे आमचे म्हणणे नाही. वेतनाची हमी ही मुळात स्थानिक कामगारांच्या रक्षणासाठी आहे, आणि कायद्याने परक्या नोकरासही काही आधार दिला आहे. काम नाही म्हणून मालकास त्याचे वेतन रोखता येत नाही. मुदतीपूर्वी काढून टाकल्यास परतीचा वाजवी खर्च मालकाने द्यावा लागतो. आणि २००० सालच्या कायद्यानुसार नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच नोकरी बदलता येते. वेतनाच्या हमीपत्राची प्रत मागणे हाही त्याचा हक्कच. परंतु माहीत नसलेला हक्क असून नसल्यासारखा! आमच्या महाविद्यालयांनी हा पाठ पदवीबरोबरच द्यावा, आणि भारत सरकारने साठ दिवसांची मुदत वाढवून घेण्याचा आग्रह धरावा.

प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारून या जिल्ह्याने ऊस पिकविणाऱ्यालाच कारखान्याचा मालक केले. त्या शेतकऱ्याच्या नातवाने परदेशी चाकरी खुशाल करावी. मात्र करारावर सही करताना आपल्या हाती काय आहे आणि धन्याच्या हाती काय, हे त्याला पुरते ठाऊक असले पाहिजे.