नदीला उतार नसेल तेव्हा

रानावनांतून आणि डोंगरकपाऱ्यांतून हिंडण्याची हौस ही तरुण मनाची शुभ खूण होय. डोंगरापलीकडे काय आहे, हे पाहण्याची उत्कंठा ज्या मुलाला कधी वाटलीच नाही, त्याचे बालपण काहीसे कोरडे गेले असेच म्हणावे लागेल. म्हणून महाराष्ट्रातील मुले आणि मुली पाठीवर पिशवी टाकून राजगड, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर यांच्या वाटा तुडवू लागतात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांचे कौतुकच करावे. तथापि या वाटांवर एक संकट असे आहे, की ते संकटाच्या रूपात समोर येत नाही. कड्याच्या टोकाशी गेले, की पाय आपोआप मागे सरतात. साप दिसला, की अंगावर काटा उभा राहतो. परंतु मांडीइतक्या पाण्याचा ओढा आडवा आला, तर कोणी भीत नाही. उलट मुले हसत हसत पाण्यात उतरतात. डोंगरयात्रेतील कितीतरी दुर्घटना अशा हसत उतरलेल्या पाण्यातच घडलेल्या आहेत.

जुन्या पिढीतील लोक पाण्याच्या बाबतीत असे निष्काळजी नव्हते. त्यांच्या बोलण्यात ‘नदीला उतार आहे’ आणि ‘नदीला उतार नाही’ असे दोन प्रयोग नित्य येत. उतार म्हणजे पायी ओलांडता येण्याजोगी नदीची जागा. पूल थोडे होते आणि वाटा फार होत्या, त्या काळी परगावी निघालेला माणूस नदीकाठच्या गावात शिरताच पहिला प्रश्न विचारी, तो उताराचा. उतार नाही असे कळले, की तो मुकाट्याने पडवीत पथारी पसरी आणि पाणी ओसरण्याची वाट पाही. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. मराठ्यांच्या फौजादेखील पावसाळ्यात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. पावसाळा सरला, वाटा सुकल्या आणि नद्यांना उतार पडू लागला, म्हणजेच त्यांची घोडी पुढे जात. जे शूर शिपाई शत्रूच्या तोफांपुढे डगमगत नसत, ते पुराच्या पाण्यापुढे थांबत असत, ही गोष्ट आजच्या तरुणांनी विसरू नये.

पाण्याचे बळ डोळ्यांना दिसत नाही, हेच त्याच्या फसवेपणाचे मूळ आहे. घरातील पाण्याने भरलेली बादली उचलताना हाताला रग लागते. एक मीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच खोल हौदात १,००० किलोग्रॅम पाणी मावते. आता सुमारे १० मीटर रुंद आणि अवघा अर्धा मीटर खोल असा ओढा सेकंदाला २ मीटर वेगाने धावत आहे, अशी कल्पना करावी. हा वेग माणसाच्या चालण्याहून थोडासाच अधिक आहे. तरीही त्या ओढ्यातून दर सेकंदाला १०,००० किलोग्रॅम पाणी पुढे जात असते! शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी माणसाला का लोटून देतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

याहून सूक्ष्म अशी आणखी एक गोष्ट आहे. माणूस जसजसा खोल पाण्यात जातो, तसतसे पाणी त्याचे शरीर वर उचलून धरते आणि तळाशी असलेली त्याची पावले हलकी होतात. विहिरीत पोहताना ज्या गुणामुळे सुख वाटते, तोच गुण वाहत्या पाण्यात घात करतो. पाणी घोट्यापर्यंत असते, तेव्हा पाय जमिनीला घट्ट धरून असतात. ते कमरेपर्यंत आले, की रेटा वाढतो आणि पकड मात्र सुटत जाते. त्यातच तळाचे दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि तोल गेला, तर उत्तम पोहणाऱ्यालाही पोहता येत नाही.

सह्याद्रीचे ओढे तर विशेष लहरी आहेत. महाबळेश्वरासारख्या माथ्यावरील ठिकाणी वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. डोंगराचे उतार तीव्र आणि कातळ उघडा असल्यामुळे हे पाणी मुरत नाही, ते धावत सुटते. खाली ऊन पडलेले असावे, वाऱ्याची झुळूक यावी आणि वर माथ्यावर मात्र मेघ फुटलेला असावा, असे तेथे वारंवार घडते. मग पाहता पाहता पाणी गढूळ होते. त्यावरून पाने आणि काटक्या वाहत येतात. पात्रातील धोंडे एकमेकांवर आदळून आतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. डोंगरात राहणारा गुराखी ही चिन्हे ओळखतो आणि गुरे घेऊन तत्काळ काठावर येतो. शहरातून आलेला पाहुणा मात्र तेच पाणी पाहून आनंदाने टाळ्या पिटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एक कुटुंब असेच प्रवाहाच्या मध्यभागी अडकले. पाणी वाढत गेले, काठ काही पावलांवर राहिला आणि त्या कुटुंबातील पाच जणांना प्राण गमवावे लागले. मृतांत लहान मुलेही होती.

नदीचा हा धर्म सर्व देशांत सारखाच आहे. न्यूझीलंड देशात एकोणिसाव्या शतकात पूल फार थोडे होते. तेथे नद्या ओलांडताना इतकी माणसे दगावली, की बुडून मरण्यालाच लोक ‘न्यूझीलंडचा मृत्यू’ असे म्हणू लागले. अमेरिकेतील अलास्का या उत्तरेकडील प्रांताची कथाही विचार करण्याजोगी आहे. १९९२ च्या एप्रिल महिन्यात ख्रिस्तोफर मॅककँडलेस नावाचा चोवीस वर्षांचा तरुण तेथील निर्जन रानात एकटाच राहावयास गेला. वाटेतील टेक्लानिका नदी त्याने सहज ओलांडली, कारण कडाक्याच्या थंडीमुळे तिचे पाणी तेव्हा अगदी थोडे होते. पलीकडे एका मोडक्या, टाकून दिलेल्या बसगाडीत तो राहिला. जुलैच्या आरंभी तो घरी जाण्यासाठी परत निघाला, तो काय! उन्हाळ्याने बर्फ वितळून तीच नदी तुडुंब भरून वाहत होती. पाण्यात न उतरता तो मागे फिरला, हे त्याने योग्यच केले. परंतु त्याच्याजवळ त्या प्रदेशाचा तपशीलवार नकाशा नव्हता. नदीच्या खालच्या अंगाला थोड्याच अंतरावर तारेवर लोंबणारी एक पेटी होती आणि तीत बसून पैलतीर गाठता आला असता, हे त्याला कळले नाही. ऑगस्टमध्ये त्या बसगाडीतच अन्नावाचून खंगून त्याचा अंत झाला.

या तरुणाची कथा पुढे पुस्तकातून आणि चित्रपटातून जगभर पसरली आणि ती बसगाडी पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी त्या वाटेने जाऊ लागले. २०१० साली एक तरुणी आणि २०१९ साली दुसरी एक तरुणी त्याच टेक्लानिका नदीत वाहून गेली. २०१० च्या प्रसंगी तर नदीवर दोर ताणलेला होता आणि प्रवाशांनी स्वतःला त्याला बांधून घेतले होते. दोर म्हणजे आधार, असेच कोणालाही वाटेल. पण अंगाला बांधलेला दोर पाय निसटताच माणसाला प्रवाहात जखडून ठेवतो आणि पाणी त्याला खाली दाबते. अखेरीस २०२० च्या जून महिन्यात शासनाने ती बसगाडी हेलिकॉप्टरने उचलून तेथून हलविली. जाताना मिळालेली वाट येताना मिळेलच असे नाही, हा या कथेचा पहिला बोध होय. साधन हाती असले म्हणजे शहाणपणाची गरज उरत नाही, ही समजूत खोटी आहे, हा दुसरा.

मग माणसे जाणूनबुजून पुरात का उतरतात? त्याचे कारण नदीत नाही, माणसाच्या मनात आहे. शेवटची एस.टी. चुकेल, घरी बोलणी खावी लागतील, सोबती भित्रा म्हणतील, पैलतीरावर पोहोचलेले मित्र हसतील, अशा लहान लहान भयांनी मन घेरले जाते आणि मोठे भय दृष्टीआड होते. एका मुलाने पाण्यात पाय टाकला, की बाकीचे विचार न करता त्याच्या मागे जातात. वास्तविक अशा वेळी “मी येत नाही, तुम्हीही परत फिरा,” असे म्हणणाऱ्या मुलाला अधिक धैर्य लागते. पाण्यात उडी घेण्यास क्षणाचा आवेग पुरतो. दहा मित्रांच्या थट्टेपुढे शांत उभे राहण्यास मात्र मनाचे बळ लागते.

असे कोणी म्हणेल, की संकटाला पाठ दाखविण्याची ही शिकवण मुलांना दुबळे करील. परंतु इतिहास तसे सांगत नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले. तो काळ प्रतिकूल आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १६७० साली किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली आणि कोंढाण्यावर पुन्हा भगवा फडकला. त्या माघारीला कोणी भ्याडपणा म्हणत नाही. आज न गाठलेला गड उद्या तेथेच असतो. तो पाहण्यासाठी उद्या माणूस मात्र असावयास हवा. ‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण लढवय्यांनीच रूढ केली असावी, असे वाटते.

शहाणा प्रवासी म्हणूनच घरातून निघतानाच नदीचा विचार करतो. तो गावकऱ्यांना उताराची चौकशी करतो, परतीची दुसरी वाट नकाशावर पाहून ठेवतो, शिदोरीत एका दिवसाचे अन्न अधिक घेतो आणि एखादा मुक्काम वाढेल, असे घरी सांगून ठेवतो. ज्याच्याजवळ एक दिवस शिल्लक आहे, त्याला नदी घाई करू शकत नाही. पाणी उथळ आणि संथ असले, तरी उतरण्यापूर्वी खालच्या अंगाला धबधबा किंवा खडक नाही ना, हे तो पाहतो. पायांतील जोडे काढीत नाही, काठीचा तिसरा पाय करतो आणि जाणत्या माणसांच्या सोबतीनेच पुढे जातो. पाणी गढूळ असेल, वेगाने धावत असेल किंवा तळ दिसत नसेल, तर तो काठावरच थांबतो. सह्याद्रीतील लहान ओढे जितक्या लवकर चढतात, तितक्याच लवकर पुष्कळदा उतरतातही. पाऊस थांबल्यावर काही तासांचा धीर धरला, तर तीच वाट पुन्हा मोकळी होते.

नदी कोणाशी वैर धरीत नाही आणि कोणाची गयही करीत नाही. ती आपल्या वाटेने समुद्राकडे जात असते. तिच्या काठावर थांबलेल्या मुलाला त्या दिवशी गडाचा दरवाजा दिसणार नाही, कदाचित अंधारात भिजत गावात परतावे लागेल आणि चुलीपाशी बसून रात्र काढावी लागेल. पण दुसऱ्या दिवशी घराच्या दारात त्याची वाट पाहणाऱ्या आईला तो दिसेल. गडाच्या दरवाजापेक्षा ते दार गाठणे अधिक मोलाचे आहे.