नेटवर्क गेल्यावर उरतं काय?

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. आधी वीज गेली, मग मोबाइलचं नेटवर्क. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. दुबई-कुवेतला असलेले आपले लोक नंबर फिरवत राहिले, इकडे फोन लागत नव्हते.

मोहल्ल्यातल्या पोरांनी पुरात आणि नंतरच्या चिखलात काय काम केलं, ते महाडला सांगायला नको. पण आपलं सगळं नियोजन व्हॉट्सॲपवर होतं, अजूनही आहे. व्हॉट्सॲपवर निरोप जातो, नोंद राहत नाही. ‘अमुक गल्लीत आजी अडकल्या आहेत’ हा मेसेज आजी सुखरूप बाहेर आल्यावरही दोन दिवस फिरत राहतो, आणि खरी हाक चारशे मेसेजच्या खाली गाडली जाते.

२०१८च्या पुरात केरळने निराळं केलं. राज्याच्या आयटी मिशनसोबत स्वयंसेवक प्रोग्रामरनी ‘केरळ रेस्क्यू’ नावाची साइट उभी केली. तिचा कोड सर्वांसाठी खुला होता. कोण अडकलंय, कुठे, काय हवंय, ही माहिती एकाच ठिकाणी येत होती. काम मोठं झालं, यात शंका नाही. पण ती साइट उघडायला इंटरनेट लागायचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच गेलं होतं.

म्हणून अलीकडच्या एका बदलाकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. आता अशी सॉफ्टवेअर येत आहेत की ज्यांत माहितीची प्रत दूरच्या सर्व्हरवर नाही, प्रत्येकाच्या फोनमध्येच असते. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी केल्या आणि नंतर फोन जवळ आले, की साध्या वायफायवर दोन्ही नोंदी एकत्र होतात, इंटरनेटशिवाय. ‘कोमॅपिओ’ हे असंच नकाशाचं ॲप. त्याची आधीची आवृत्ती ‘मॅपिओ’. ती वापरून इक्वाडोरच्या जंगलातल्या वाओरानी आदिवासींनी आपल्या जमिनीचे नकाशे केले. जिथे टॉवरच नाही तिथे हे चालतं, तर पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर का चालू नये?

नोंदवायचं काय? मशिदीची गच्ची, शाळेची पक्की इमारत, होडी कुठे असते, कोणत्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं, कोणती पायवाट पहिल्याच पावसात वाहून जाते. आणि नावं आपण बोलतो तशी: कोंड, वाडी, मोहल्ला. यातलं सार्वजनिक तेवढं ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर टाकावं. २००४पासून जगभरचे लोक मिळून तो नकाशा करत आहेत. त्यात मराठी नावं देता येतात, आणि तो फोनमध्ये आधी उतरवून ठेवला तर नेटशिवायही उघडतो.

इथे काहीजण विचारतील, आणि विचारायलाच हवं: आजच्या दिवसांत मुसलमानांच्या घरांची यादी आपणच करून द्यायची? नाही. नकाशावर जागा जातील, माणसं नाहीत. कोण अंथरुणाला खिळलंय, कुठल्या घरात एकटी बाई राहते, ही माहिती मोहल्ल्यातल्या दोन-तीन विश्वासू माणसांपाशीच राहावी. वहीत राहिली तरी चालेल. हा फरक जो गट पाळणार नाही, त्याने या कामात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अट, काम एका समाजापुरतं ठेवू नये. डिसेंबर १९२७मध्ये मनुस्मृतीदहन झालं त्या परिषदेसाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली खासगी जमीन दिली होती. ही आपल्याच गावची गोष्ट आहे. बौद्धवाडीतली, मराठा आळीतली पोरं सुरुवातीपासून सोबत नसतील, तर नकाशा अर्धाच होईल. पाणी तर सगळ्यांच्याच घरात शिरतं.

मृगाच्या आधीचा एखादा रविवार ठरवा. चौघे-पाच जण, दोन महाडचे, दोन पोलादपूरचे, जमल्यास गावच्या आशाताई. निघतानाच सगळ्यांनी मोबाइल डेटा बंद करायचा आणि संध्याकाळी परत आल्यावर कोणाच्या फोनमध्ये काय उरलंय ते पाहायचं.