साईन की कोसाईन?

अकरावीतल्या पोराला फिजिक्सचं गणित सोडवून देणं याला मी मदत म्हणत नाही. आमच्या भिवंडीत क्लास चालवणारे दोन मित्र आहेत, ते हे वाचून वैतागणार. वैतागू देत. हल्ली तर सोडवून द्यायला माणूसही लागत नाही. मोबाईलने प्रश्नाचा फोटो काढला की पाच सेकंदात अख्खं उत्तर, पायऱ्यांसकट! पोरगं ते वहीत उतरवतं, सर लाल शेऱ्याने बरोबरची खूण करतात, सगळे खूश.

प्रॉब्लेम कळतो तो सहामाहीला.

आमच्या गल्लीतला एक मुलगा अधूनमधून रविवारी माझ्याकडे येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सायन्स. वडील काल्हेरच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. सहामाहीत फिजिक्समध्ये गचकला, तेव्हा घरात विषय निघाला की सायन्स सोडून सरळ कामालाच लागावं का. गोडाऊनमध्ये पोरं हवीच असतात. म्हणजे बघा, एका साईन-कोसाईनवर केवढं काय अडकलेलं असतं!

त्याचं गणित साधंच होतं. ३० अंशाच्या उतारावर ६० किलोचा ठोकळा, घर्षणांक ०.३, वर ढकलायला बल किती? पठ्ठ्याने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर साईन ३० काढलं, आलं उणे ०.९८८. ते ५८८ ने गुणून उणे ५८१ न्यूटन हे वहीत व्यवस्थित लिहून, खाली दुहेरी रेघ मारून आणलं.

कॅल्क्युलेटर रेडियनवर होता, एवढंच. आम्हा प्रोग्रामरांना हे नवीन नाही, बहुतेक भाषांमधलं साईनचं फंक्शन रेडियनच मागतं. पण मला खटकलं ते वेगळंच. उणे ५८१ म्हणजे तो ठोकळा आपणहून सुसाट वर निघालाय, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. कारण त्याच्या लेखी तिथे ठोकळा नव्हताच, नुसतं सूत्र होतं. नववीपासून त्याने 'समोरची बाजू भागिले कर्ण' घोकलं, आणि ते बरोबरही आहे. पण अकरावीत अचानक तो त्रिकोण पुस्तकातून उठून उतारावर जाऊन बसतो, भाषा इंग्रजी होते, आणि समोरची बाजू नक्की कुठली हेच कळेनासं होतं. माझ्या मते निम्मी पोरं इथेच गळतात, आणि आपण म्हणतो गणित कच्चं आहे.

मी वही बंद करायला लावली. म्हटलं, "हा ठोकळा वगैरे विसर. कापडाची गाठ आहे, आणि टेम्पोला फळी लावलीय. फळी जमिनीवर सपाट टाकली तर गाठ घसरेल?"

"नाही काका."

"मग शून्य अंशाला शून्य कोण होतं? साईन की कोसाईन?"

"साईन."

"आणि फळी सरळ उभी केली तर?"

"सगळं वजन खाली."

झालं! उताराच्या दिशेने वजनाचा साईनवाला भाग, फळीवर दाबणारा कोसाईनवाला. आमच्या धंद्यात याला टोकाच्या केसेस तपासणं म्हणतात. सूत्र विसरलात तरी फळी सपाट आणि फळी उभी एवढं आठवलं की पुरे. तोच कोन वरच्या त्रिकोणात कसा येतो यासाठी वहीच्या पुठ्ठ्यावर काटकोनात पेन्सिल धरली आणि वही तिरकी केली. वही जेवढी कलते तेवढीच पेन्सिलही कलते. बस्स.

मग आकडे त्यानेच काढले. वजन ५८८ न्यूटन. उतारावर २९४. फळीवर दाब ५०९, त्याचं घर्षण १५३. एकूण ४४७. सरळ उचलण्यापेक्षा कमी, म्हणजे पटण्यासारखं उत्तर. (कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला होता. सीईटीला तो नेता येतच नाही, सवय आत्तापासून लागलेली बरी.)

जाता जाता त्याला एक गोष्ट सांगितली. साईन या शब्दामागे आपली 'ज्या' आहे, म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात ३ अंश ४५ कलांच्या टप्प्याने २४ ज्यांचं कोष्टक दिलं. त्रिज्या ३४३८ धरली तर ३० अंशाची ज्या येते १७१९. बरोब्बर निम्मी! जीवेचं अरबीत जीबा झालं, ते पुढे जैब असं वाचलं गेलं, आणि जैब म्हणजे वळण किंवा खोळ समजून लॅटिनवाल्यांनी सायनस करून टाकलं. भाषांतराचा बग, शेकडो वर्षं प्रॉडक्शनमध्ये! असो.

क्लासवाले मित्र म्हणतात, ऐंशी पोरांच्या बॅचमध्ये पेन्सिल आणि पुठ्ठा करत बसलो तर पोर्शन कधी संपवणार? मुद्दा खोटा नाही. पण पोर्शन संपतो तो सरांचा, पोराचा तिथेच राहतो. त्यापेक्षा वीस गणितं फळ्यावर सोडवण्याऐवजी पाचच घ्या, आणि उत्तर आल्यावर 'हे शक्य आहे का?' एवढा प्रश्न विचारा. मोबाईललाही हवं तर विचारा, माझी ना नाही. पण आकृती आधी आपल्या हाताने काढून.

पुढच्या रविवारी पोरगा स्वतःच प्रश्न घेऊन आला. वडिलांनी विचारलं होतं म्हणे, की जड गाठीला आम्ही लांब फळी लावतो, तर त्याने किती फरक पडतो? टेम्पोची उंची सव्वा मीटर धरली. अडीच मीटरची फळी म्हणजे ३० अंश, तेच आपले ४४७ न्यूटन. पाच मीटरची लावली तर साईन ०.२५, आणि बल ३१८ च्या आसपास. जोर कमी, पण अंतर दुप्पट, आणि घर्षण धरून एकूण काम १११७ ज्यूलवरून १५९० वर जातं. हे त्याने माझ्यासमोर, न अडखळता काढलं. मग म्हणाला, "बाबा म्हणाले होतेच, लांब फळीला जोर कमी पण दम जास्त लागतो."