यादीतून वगळलेले शहर

‘ओपनहायमर’ या इंग्रजी चित्रपटाचा २०२३ साली केवढा गाजावाजा झाला! पुढच्या वर्षी त्याला सात ऑस्कर मिळाली. अमेरिकेचा अणुबॉम्ब ज्याच्या देखरेखीखाली तयार झाला, त्या शास्त्रज्ञाची ही कथा. आम्हीही पाहिला. तीन तासांचा, आणि त्यात चौकशीची बोलणीच फार.

१६ जुलै १९४५ ची वाळवंटातली चाचणी मात्र जबरदस्त. आधी लख्ख उजेड, मग शांतता, आवाज मागाहून. थिएटरात कोणी खाकरलेसुद्धा नाही.

पण आमच्या मनात घर केले ते एका बैठकीने. बॉम्ब कुठे टाकायचा, याची चर्चा चाललेली. युद्धमंत्री स्टिम्सन जपानी शहरांच्या यादीतून क्योटोचे नाव काढून टाकतात. का, तर ते शहर जपान्यांच्या संस्कृतीचे. शिवाय लग्नानंतर साहेब बायकोला घेऊन तिथेच फिरायला गेले होते! हिरोशिमाच्या बाजूने बोलणारे त्या खोलीत कोणी नव्हते. ६ ऑगस्टला ते जळाले, ९ ला नागासाकी.

ती जळालेली माणसे पडद्यावर येतच नाहीत. त्यांची छायाचित्रे दाखवतात तेव्हा कॅमेरा शास्त्रज्ञाच्या चेहऱ्यावर, आणि तोही मान खाली घालतो. जाणकार याला दिग्दर्शक नोलन यांचा संयम म्हणतात. असेल बुवा. पण नायकाची तळमळ एवढा वेळ पाहिली, तिथे होरपळलेली एखादी आई दोन मिनिटे दिसली असती तर काय बिघडले असते?

जपानात हा चित्रपट आठ महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये लागला. टोकियोतल्या काही थिएटरांच्या दारात प्रेक्षकांना आधीच सावध करणारी पाटी होती.