आधी नियम, मग निधी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांनी अनेकांना विचारात पाडले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेपाच टक्क्यांनी, तर सिंधुदुर्गाची सव्वादोन टक्क्यांनी घटली. राज्याची एकूण लोकसंख्या याच काळात वाढत होती. कोकणात पाऊस भरपूर, डोंगर हिरवे, साक्षरताही उत्तम. तरीही घरांना कुलपे लागली आणि गणपती-शिमग्यापुरती ती उघडू लागली. मराठवाड्यातील वा नगर-सोलापूरकडील गाव ओस पडले, की दोष पावसाच्या माथी मारता येतो. कोकणाचे उदाहरण समोर असताना हे उत्तर अपुरे ठरते. गावाचे नशीब केवळ पर्जन्यमानावर ठरत नाही, एवढे तरी त्यातून स्पष्ट होते.

मग ते कशावर ठरते? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील एका लहान गावात सापडतो. त्या गावाचे नाव हिवरे बाजार. त्याचे नाव वाचकांनी अनेकदा ऐकले असेल; परंतु तेथे काय बांधले गेले याची जितकी चर्चा होते, तितकी तेथे काय थांबवले गेले याची होत नाही. हिवरे बाजारचा खरा धडा या दुसऱ्या भागात आहे.

हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले. वर्षाचा पाऊस साधारण चारशे मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी. एके काळी येथील तालमी नावाजलेल्या होत्या. भोवतालच्या टेकड्यांवरील झाडे तुटत गेली, गवत जनावरांच्या तोंडी संपले, माती वाहून गेली आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवू लागल्या. १९७२ च्या दुष्काळाने उरलेसुरले बळ मोडले. तरणी माणसे पुण्या-मुंबईकडे मजुरीला गेली. मागे राहिलेल्यांत हातभट्टीचा धंदा वाढला, भांडणे वाढली. सरकारी नोकरांची येथे बदली होणे ही शिक्षा समजली जाऊ लागली. शाळेत शिक्षक टिकेनात आणि गावातील मुलाला सोयरीक मिळणेही अवघड झाले.

१९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत गावाने पोपटराव पवार या तरुणाला सरपंच केले. गावातील तो पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एकमेव तरुण होता आणि क्रिकेटमध्ये नाव काढावे, अशी त्याची मूळची इच्छा होती. नव्या सरपंचाने मोठ्या योजनेची घोषणा करण्याऐवजी ग्रामसभा भरवली आणि गावाच्या गरजांचा क्रम लोकांकडूनच ठरवून घेतला. जवळच राळेगणसिद्धीचा अनुभव उपलब्ध होता. तेथे अण्णा हजारे यांनी १९७५ पासून पाणलोटाचे काम उभे केले होते. त्या अनुभवाच्या आधारे राज्य सरकारने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली. या योजनेत प्रवेश हवा असेल, तर गावाने आधी काही बंधने स्वीकारली पाहिजेत, अशी अट होती. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही ती पाच सूत्रे. हिवरे बाजारने ती स्वीकारली आणि पुढे त्यांत स्वतःची भर घातली.

या सूत्रांकडे नीट पाहिले, तर त्यांतील प्रत्येक सूत्र कोणाच्या ना कोणाच्या खिशाला झळ लावणारे आहे, हे ध्यानात येते. चराईबंदी झाली, की शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्याचे चराऊ रान जाते. कुऱ्हाडबंदी झाली, की चुलीपुढे बसणाऱ्या बाईला सरपण शोधावे लागते. दारूबंदी झाली, की भट्टीवर पोट भरणारे घर उघडे पडते. म्हणूनच असे नियम वरून आलेल्या परिपत्रकाने टिकत नाहीत. ज्यांचे नुकसान होणार, त्यांच्यासमोर, त्यांच्या संमतीने आणि त्यांना पर्याय देऊन ते करावे लागतात. हिवरे बाजारमध्ये ज्यांचा चरितार्थ दारूवर चालत होता, त्यांना दुसऱ्या व्यवसायासाठी बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. डोंगरावर जनावरे सोडण्यास मनाई झाली. मात्र गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा राहिली. पुढे चारा इतका वाढला, की मोकाट चारण्याऐवजी गोठ्यात दुभती जनावरे बांधणे अधिक किफायतशीर ठरले.

नियम झाल्यानंतर कामे आली. रोजगार हमी योजना आणि आदर्श गाव योजना यांचा पैसा १९९० च्या दशकात गावात आला. त्यातून टेकड्यांवर समतल चर खोदले गेले, माती बंधारे, दगडी बांध, पाझर तलाव उभे राहिले आणि लाखो झाडे लागली. मजुरीसाठी शहरात गेलेल्या माणसांना आपल्याच शिवारात काम मिळाले. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रोजगार हमी योजना ही काही हिवरे बाजारसाठी निघालेली खास योजना नव्हती. १९७२ च्या दुष्काळापासून ती महाराष्ट्रात सर्वत्र होती आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. त्याच योजनेतून असंख्य गावांत चर खोदले गेले आणि काही वर्षांत बुजलेही. हिवरे बाजारचे चर टिकले, कारण त्यांच्यावर गुरे फिरली नाहीत आणि त्यांच्या काठची झाडे तुटली नाहीत.

पाणी साठू लागल्यावर खरी कसोटी सुरू झाली. पाण्याच्या टंचाईत एकत्र येणारी माणसे पाणी दिसू लागले, की अनेकदा पांगतात. ज्याच्यापाशी पैसा, तो खोल बोअर घेतो आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या उसाला देतो. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने हा धोका ओळखला. शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी झाली. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके टाळण्याचे ठरले. बाहेरच्यांना जमीन विकायची नाही, असाही निर्णय झाला. त्याच्याही पुढे जाऊन गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्यास आरंभ केला. पावसाळा संपला, की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून वर्षभराच्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. त्यातून प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, काही भाग जमिनीत राखून ठेवायचा आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचे, ते ठरवायचे. पाऊस कमी झाला, तर त्या वर्षी पिकांवर कात्री लागते. व्यापारी कुटुंबात वाढलेल्या वाचकाला ही रीत परिचित वाटेल. शिल्लक पाहून खर्च ठरवावा, खर्च ठरवून शिल्लक शोधू नये, हेच तत्त्व येथे रोकडीऐवजी पाण्याला लावलेले आहे.

परिणाम सर्वश्रुत आहेत. गावाने केलेल्या पाहणीनुसार १९९५ मध्ये १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ती संख्या तीनवर आली. दररोज दीडशे लिटरच्या आसपास निघणारे दूध काही हजार लिटरांवर गेले. शहरात गेलेली अनेक कुटुंबे परतली. गावात एकच मुस्लिम कुटुंब होते. त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी मशीद बांधली. पाण्याचे वाटप न्याय्य झाले, की मनांतील अंतरही कमी होते, याची ही खूण आहे. २०२० मध्ये पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे केवळ एका नगरी गावाचे वैशिष्ट्य मानावे, तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव त्याला छेद देते. तेथे पाऊस मुबलक आहे, जंगल घनदाट आहे. अडचण वेगळी होती. भोवतालच्या जंगलावर गावाचा अधिकारच मानला जात नव्हता. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास गट चालवले, कायदे समजून घेतले आणि कोणताही निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा देशभर पोहोचली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे बांबूच्या विक्रीतून गावाला स्वतःचे उत्पन्न मिळू लागले. हक्क मिळण्याआधी कित्येक वर्षे हे गाव आपल्या जंगलासाठी स्वतःचे नियम पाळत होते. म्हणूनच हक्क आला, तेव्हा तो सांभाळणारे हात तयार होते.

याउलट, कामे आधी आणि नियम मागे, असा क्रम झाला की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पुढील वर्षांत ती अनेक जिल्ह्यांत पोहोचली. हजारो माणसांनी उन्हाळ्यात पहाटे उठून कुदळ-फावडे चालवले. त्या श्रमदानाचे मोल मोठे आहे. परंतु पाणी अडवण्याइतकेच ते वापरण्याचे शिस्तबद्ध नियोजन आवश्यक आहे, हेही याच चळवळीतून पुढे आले. म्हणूनच नंतरच्या समृद्ध गाव स्पर्धेत पाण्याचा ताळेबंद, गवताळ कुरणे आणि मृदेचे आरोग्य यांचा समावेश झाला.

गावाच्या हाती आज साधनांची वाण आहे, असे म्हणता येत नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे आणि पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. गावाचा विकास आराखडा गावानेच करावा, ही अपेक्षा आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, आराखडा ग्रामसेवकाच्या टेबलावर तयार होतो आणि महिलांच्या सभेची नोंद सह्या गोळा करून पूर्ण होते. पैसा येतो, त्यातून रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, वेशीवर कमान उभी राहते. कमानीतून आत शिरल्यावर मात्र शाळेचा पट घटलेला आणि उंबऱ्यात म्हातारी माणसे बसलेली दिसतात.

आदर्श गावांच्या वाटचालीत काही प्रश्नही आहेत आणि ते दडवून चालणार नाही. एकाच नेत्याभोवती गाव फिरू लागले, की त्याच्यामागे काय, ही चिंता राहते. बिनविरोध निवडणूक ही एकजुटीची खूण असू शकते, तशीच ती न बोलल्या गेलेल्या मतभेदांचीही असू शकते. हिवरे बाजारमध्ये २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांनंतर प्रथमच मतदान झाले आणि पवार यांच्या पॅनेलने सर्व जागा जिंकल्या. मतदान झाले म्हणून गाव फुटले नाही. दुसरा प्रश्न भूमिहीनांचा आहे. पाणी वाढले, की प्रथम लाभ जमीनवाल्याला होतो. चराईबंदीचा भार मात्र भूमिहीन शेळीपालकावर अधिक पडतो. म्हणून नियम करताना सभेत सर्वांत शेवटी बसलेल्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले गेले पाहिजे. ज्या नियमाने दुर्बळाचे पोट मारले जाते, तो नियम फार काळ टिकत नाही, आणि टिकूही नये.

या सर्व चर्चेत गावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांचे स्थान कोणते? अनेक कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांपूर्वीची पेढी, दुकान वा वाडा कुठल्या तरी खेड्यात आहे. गावाचे ऋण फेडावे, ही भावना त्यांच्या मनात असते आणि ती स्तुत्य आहे. मात्र ते ऋण बहुधा दिसणाऱ्या वास्तूच्या रूपाने फेडले जाते. देणगीदाराच्या नावाची पाटी तेथे लागते. त्याऐवजी देण्यापूर्वी ग्रामसभेला विचारावे, की गावाने स्वतः ठरवलेले, पण पैशाअभावी अडलेले काम कोणते आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आता ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर शहरात बसूनही पाहता येतो. तो पाहून दिलेले दान गावाच्या निर्णयामागे उभे राहते. माळावर पडीक असलेली जमीन पाणलोटाच्या कामासाठी मोकळी करून देणे, बंद वाडा अभ्यासिकेसाठी उघडणे, जमीन विकायचीच झाली तर प्रथम गावकऱ्याला विचारणे, ही कामे पाटीवर नाव कोरणारी नसली, तरी गावाला धरून ठेवणारी आहेत.

चारशे मिलिमीटर पावसाच्या गावात माणसे परतली, ती आकाशातून अधिक पाणी पडले म्हणून नव्हे. गावाने आपल्या गरजेला मर्यादा घातली आणि ती मर्यादा श्रीमंत-गरीब सर्वांना सारखी लावली. सरकारचा निधी त्या मर्यादेच्या मागून आला, म्हणून मातीत जिरला. ज्या गावाची पुढील ग्रामसभा यंदा कोरमने भरेल आणि तिच्यात निधीच्या मागणीआधी एक तरी नियम एकमताने ठरेल, त्या गावाचा परतीचा रस्ता सुरू झाला, असे समजावे.